हनुवटीवरचे तीन ठिपके

रविवार, दिनांक २३ जानेवारी १९२७ रोजी धुळे येथे घेतलेल्या एका छायाचित्रात, तानुबाई नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर गोंदणाचे जे तीन ठिपके होते, ते दिसत नाहीत; आणि तिच्या कपाळावर व गालांवर त्या दिवशी जे नव्हते, असे अकरा ठिपके दिसतात.

मी त्या वेळी धुळ्याच्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवीत असे. शाळेच्या ग्रंथालयात सरकारी छापाचे एक जाड पुस्तक होते. त्यात डोंगरी लोकांची छायाचित्रे होती. प्रत्येकाचे समोरून एक, बाजूने एक, पाठीमागे मोजपट्टी आणि खाली जमातीचे नाव. माणसाचे नाव एकाही चित्राखाली नव्हते. मला तो शास्त्रीय दोष वाटला. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, ती बाटली प्रयोगशाळेत ओतून टाकतात. म्हणून मी ठरविले की, पोटापाण्यासाठी बाहेरून धुळ्यास आलेल्या माणसांची छायाचित्रे घ्यावयाची, प्रत्येकाखाली त्याचे नाव आणि त्याने स्वतः सांगितलेली एक हकिकत लिहावयाची, आणि एक प्रत त्याला द्यावयाची.

उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांपासून सुरुवात केली. मग मारवाडातून आलेल्या एका व्यापारी घराण्यातील वृद्ध सुगनबाई घुंघट न काढता बसल्या. चेहरा येणार नाही, असे मी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मूंडो कोनी दीखै तो कांई? हाथ तो म्हारा है." त्यांचे हात फार चांगले आले. या सर्व लोकांनी मला, एका परक्या माणसाला, आपला वेळ आणि आपले चेहरे दिले. त्याबद्दलची कृतज्ञता वीस वर्षांनंतरही उणावलेली नाही.

जानेवारीत मी पांझरा नदीच्या अलीकडील एका जीनवर गेलो. सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यास आमच्याकडे जीन म्हणतात. हंगामात तेथे साक्रीकडील डोंगरातून भिल्ल मजूर येत आणि कारखान्याच्या मागील पडीत जागेत पाले ठोकून राहत. त्या वर्षी चौसष्ट माणसे होती. त्यांचा मुकादम अभिमन हा त्यांच्यातलाच, पण दहा हंगाम शहर पाहिलेला आणि जिभेने चपळ.

माझ्याजवळच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या प्लेटा जुन्या, साध्या प्रकारच्या होत्या. नाताळच्या सुट्टीत भुसावळास जाऊन एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याच्या बंगल्यातून मी त्या आणल्या होत्या. परत आल्यावर दहाएक दिवसांनी अंगात कसर भरली, कंबर धरली, म्हणून दोन दिवस शाळेतून रजा घेतली. रविवारी, नऊ तारखेस, सकाळी बरे वाटले. अंगावर पांघरलेली तांबडी शाल घडी करून पेटीत टाकली आणि निघालो.

शाल नेण्याचे कारण साधे होते. मजुरांचे कपडे रुईची तूस बसून पांढरे झालेले असत. छायाचित्रकार अशा वेळी एक बरी शाल किंवा कोट जवळ ठेवतो. ज्याला हवे त्याने घ्यावे.

नव्या जागेतील उजेडाचा अंदाज घेण्यासाठी पहिली प्लेट मी नेहमी स्वतःवर खर्च करीत असे. शाल पांघरून स्टुलावर बसलो आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा अभिमनच्या हाती दिला.

"आते कसं," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मास्तर बसनात आनि मुकादम फोटू काढस!"

पाले हसली. भीती मोडली. मग एकामागून एक एकोणीस जण बसले. त्यांपैकी बारा जणांनी शाल घेतली.

भिकुबाई नावाच्या एका पन्नाशीच्या बाईने ती घेतली नाही. "कसाले? मन्हं लुगडं काय वाईट शे का?" असे म्हणून तिने शाल नाकाजवळ नेली आणि परत दिली. "हिले वास येस, मास्तर."

"डांबराच्या गोळ्यांचा असेल," मी म्हणालो.

"नही. आजारीना वास."

मी शाल हुंगून पाहिली. मला डांबराच्या गोळ्यांखेरीज कसलाही वास आला नाही. तसे मी तिला सांगितले.

तिच्यामागून तिची मुलगी बसली. तीच तानु. होळीनंतर तिचे लग्न होते आणि सासर डोंगरापलीकडे, डांगाच्या बाजूला, पाच दिवसांच्या वाटेवर. भिकुबाईला फोटो हवा होता तो एवढ्यासाठी. पोर गेल्यावर घरात पोरीचे तोंड राहावे. तानुने शाल दोन्ही खांद्यांवरून घेतली, गळ्याशी आवळली, आणि विचारले, "मास्तर, हसू का नको?"

"चार सेकंद हसू नको."

"चार सेकंद म्हनजे कितला?"

"श्वास धरशील तेवढा."

"मंग मायले आठून काढा. ती बोलनी का माले हसू येस."

चार सेकंद ती स्थिर बसली. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके, कपाळावर चंद्रकोर आणि उजव्या हातावर विंचू गोंदलेला होता. वयाच्या सातव्या वर्षी भिकुबाईने तिला मांडीवर धरून हे गोंदवून घेतले होते. मी तसे टिपून ठेवले आहे, कारण तानुने सांगितलेली हकिकत हीच होती: गोंदताना ती रडली नाही, आई रडली.

सोमवारी सकाळी शाळेपूर्वी प्लेटा धुतल्या. पहिल्या प्लेटीत रुईची तूस बसून पडतात तशी काही बारीक छिद्रे होती. ती शिसपेन्सिलीने भरून टाकली. इतर प्लेटा स्वच्छ होत्या. वर्गात मुले हसली, कारण हजामतीनंतर लावलेल्या तुरटीचा पांढरा डाग माझ्या गालावर राहिला होता. त्या आठवड्यात मी प्रती छापल्या आणि पुढच्या रविवारी वाटावयास गेलो.

भिकुबाईने तानुची प्रत हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि मला परत दिली.

"हाई मन्ही पोर नही."

"तुमचीच आहे, भिकुबाई."

"मंग गोंदन कथा गयं?"

मी प्रत पाहिली. हनुवटी कोरी होती. कपाळ कोरे होते. हातावर विंचू नव्हता. इतर बायकांच्या प्रती पाहिल्या. नऊ बायका, आणि नऊही चेहरे असे, जणू त्यांना कोणी कधी सुई लावलीच नव्हती.

मी कारण जाणत होतो आणि ते समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. साध्या प्लेटीला केवळ निळा उजेड दिसतो. सावळ्या त्वचेतील तांबूसपणा तिला काळा वाटतो, आणि गोंदणातील निळेपणा त्या मानाने उजळ. दोहोंची छटा एक झाली की गोंदण त्वचेत विरून जाते.

भिकुबाईने ऐकून घेतले. "म्हनजे तुम्हनी पेटीले डोया नहीत. मंग फोटू कसाले काढतस?"

बायका हसल्या, पण ती हसली नाही. थोड्या वेळाने ती मला एकट्याला म्हणाली, "मास्तर, मरनावर बठ्ठं आठेच राहस. चांदी राहस, लुगडं राहस. गोंदनच संगे येस. ते नसनं त तठे तिले कोन वळखी?"

मी तिला म्हणालो, ही मुलगी मरणार नाही, लग्न होऊन जाणार आहे. प्लेटीसमोर पिवळी काच लावून पुढल्या रविवारी सर्व बायकांची पुन्हा छायाचित्रे घेईन, असेही वचन दिले.

निघताना अभिमन सोबत आला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "लोके म्हनतस, पेटी गोंदन खास. एक दाव खादं, आते आखो भूक लागी."

तेवीस तारखेस मी पिवळी काच नेली. तिने उजेड इतका कमी होई की चारऐवजी तीस सेकंद बसावे लागले असते, आणि तेवढे कोणी स्थिर बसेना. शेवटी काच काढून पूर्वीसारखेच, काहीसा कोन बदलून, नऊ जणींचे घेतले. शाल पुन्हा फिरली. तानुने ती आधीपेक्षा घट्ट ओढली होती.

"कमर दुखस," ती म्हणाली.

"कापूस उचलून," मी म्हणालो.

"नही, तुम्हना आठे बसी बसी," ती म्हणाली. ती हसण्याचा प्रयत्न करीत होती. या वेळी हसू नको, असे मला सांगावे लागले नाही.

सोमवारी पहाटेच प्लेटा धुतल्या. गोंदण आले नव्हते. मात्र नऊपैकी पाच प्लेटांत, चेहऱ्यांवर, बारीक स्वच्छ छिद्रे होती. छापल्यावर त्यांचे काळे ठिपके होतात.

प्रथम मला तूस वाटली. पेन्सिल हातात घेतली आणि थांबलो. तूस आंधळी असते. ती चेहऱ्यावर बसते तशी मागच्या भिंतीवर, लुगड्यावर, स्टुलावरही बसली पाहिजे. मी भिंगाखाली पाचही प्लेटा इंचाइंचाने तपासल्या. भिंतीवर एकही छिद्र नव्हते. कापडावर एकही नव्हते. ती फक्त कातडीवर होती.

कॉलेजात असताना एका जुन्या नियतकालिकात वाचलेली नोंद मला आठवली. साध्या प्लेटीला निळ्याखेरीज काही दिसत नाही, म्हणूनच त्वचेखालील लाली ती डोळ्यांच्या आधी पाहते. गोवर किंवा देवीचा फोड डोळ्यांना दिसण्यापूर्वी एक दिवस प्लेटीत दिसल्याची उदाहरणे त्यात होती.

मी ओली प्लेट रुमालात धरून जीनवर गेलो. तानु पालाबाहेर उन्हात बसली होती. मी प्लेट तिच्या चेहऱ्याशेजारी धरली आणि एकेक जागा तपासली.

चेहरा स्वच्छ होता.

अभिमन आणि भिकुबाई माझ्याकडे पाहत होते. "काय दखतस?" भिकुबाईने विचारले. मी प्लेट पुन्हा रुमालात गुंडाळली.

तेथून मी देवी टोचणाऱ्या सरकारी डॉक्टरांकडे गेलो.

"कोणाच्या अंगावर आली आहे?" त्यांनी विचारले.

"अजून कोणाच्याही नाही."

"मग?"

"प्लेटीवर आली आहे."

त्यांनी प्लेट मागून घेतली, उजेडाकडे धरली. आणि पेटी उचलून आले. त्या सद्गृहस्थांचा मी ऋणी आहे. माझे म्हणणे ऐकणारा दुसरा शहाणा माणूस त्या दिवशी मला भेटला नसता.

पालांत गोंधळ उडाला. अर्ध्या लोकांनी सामान बांधावयास घेतले. ते डोंगरात गेले असते, तर रोगही गावोगाव गेला असता. तेव्हा भिकुबाई पुढे आली आणि दंड उघडा करून डॉक्टरांसमोर बसली.

"सुईले काय भ्यातस?" ती बायकांवर ओरडली. "गोंदताना भ्यायनात का?"

एकामागून एक सर्वांनी दंड पुढे केले.

सायंकाळी तानुच्या कपाळावर पहिला ठिपका आला.

मग दुसरा.

मी कंदिलाशी प्लेट धरून बसलो होतो. ज्या जागी प्लेटीत होता, त्याच जागी चेहऱ्यावर येत होता. मी मोजत गेलो. मोजणे एवढेच मला करता येण्यासारखे होते.

अकरा झाले तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, आते हसू का?"

एकूण नऊ जणांना देवी आल्या. तिघे गेले. तानु सहाव्या दिवशी गेली. उरलेली एकसष्ट माणसे वाचली, आणि डॉक्टरांनी मला सांगितले की लस एक आठवडा उशिरा पडली असती, तर निम्मी पाले रिकामी झाली असती.

महिन्याभराने भिकुबाई माझ्या घरी आली. तानुची पहिली, शालीतली प्रत तिने पदराखालून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी बारीक कुंचला व काजळीची शाई घेतली. भिकुबाई प्रतीवर बोट ठेवी, मी तेथे ठिपका देई. "आठे. जराखा खाले. मधला मोठा शे, बाजूना दोन धाकला." चंद्रकोरीचे एक टोक दुसऱ्याहून आखूड होते, हे तिला स्मरत होते. विंचवाची नांगी डावीकडे वळलेली होती. दुपारभर आम्ही ते काम केले. इतके अचूक निरीक्षण मी कोणा विद्यार्थ्यात पाहिले नाही.

पूर्ण झाल्यावर तिने प्रत उन्हाकडे धरली.

"आते शे मन्ही पोर," ती म्हणाली. मग तिने माझ्या पायांना हात लावला. "तुम्हीसनी बठ्ठासले वाचाडं, भाऊ." मी तिला उठविले आणि म्हणालो की आभार मीच मानावयास हवेत. ते मी मनापासून म्हटले होते.

त्या वर्षापासून दर पौषात साक्रीहून माझ्याकडे नागलीच्या पापडांची एक टोपली येते. भिकुबाई दोन वर्षांपूर्वी वारली. टोपली यंदाही आली. तीबरोबर अभिमनचा निरोप होता की, तानुचा फोटो पावसाने भिजून गेला आहे, दुसरा मिळेल का.

म्हणून या महिन्यात, डिसेंबर १९४६ मध्ये, मी त्या हंगामाच्या सर्व प्लेटा बाहेर काढल्या. त्यांवर रक्षणासाठी दिलेले वार्निश वीस वर्षांत पिवळे पडले होते. सर्वच नव्याने छापावयाच्या असे ठरवून मी एकेक प्लेट टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली. टर्पेंटाइनने वार्निश जाते, आणि त्याखालची पेन्सिलही जाते. क्रमाने काम करण्याची सवय असल्याने पहिली प्लेट प्रथम घेतली.

तूस समजून मी जी छिद्रे भरली होती, ती उघडी झाली. मी भिंग घेतले. छिद्रे सात होती. भिंतीवर एकही नव्हते. शालीवर एकही नव्हते.

त्यानंतर मी एकोणीस जणांच्या प्लेटा टेबलावर दोन रांगांत मांडल्या; शाल घेतलेल्या एका बाजूस, न घेतलेल्या दुसऱ्या बाजूस. पहिल्या फेरीतील ज्या ज्या माणसाला पुढे देवी आल्या, तो पहिल्या रांगेत होता. दुसऱ्या रांगेतील एकालाही आल्या नव्हत्या. भिकुबाई दुसऱ्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून, सरळ माझ्याकडे पाहत बसली होती.

लहानपणी टोचून घेतलेल्या माणसास देवी आल्या तर त्या सौम्य असतात. लागण झाल्यावर दहाबारा दिवसांनी दोन दिवस ताप, कंबरदुखी, चेहऱ्यावर चारदोन पुटकुळ्या. त्यांवर तुरटी लावली तरी चालते. मात्र त्याने पांघरलेली शाल सौम्य नसते.

येथे एक नोंद दुरुस्त केली पाहिजे. फेब्रुवारी १९२७ मध्ये साथीच्या उगमाविषयी विचारणा झाली, तेव्हा घटना सर्वांत आधी ओळखणारा म्हणून लेखी वर्दी मी दिली. तिच्यात माझ्या हस्ताक्षरात असे वाक्य आहे: "रोग साक्रीकडील डोंगरातून मजुरांबरोबर आला." त्या वाक्यावरून पुढच्या हंगामापासून त्यांची पाले पांझरेपलीकडे हलविण्यात आली, आणि प्रत्येक वर्षी नाक्यावर त्यांच्या पोराबाळांना उघडे करून तपासू लागले. पापडांची टोपली दर वर्षी त्याच नाक्यावरून आली.

वाक्य चुकीचे आहे. रोग डोंगरातून आला नाही. तो भुसावळहून आला. प्लेट क्रमांक एक, दिनांक ९ जानेवारी १९२७. अंगावर तांबडी शाल. चेहऱ्यावर सात ठिपके. नाव माझे.